शिक्क्याचा कागद



वैनगंगेच्या या मुलखात मी अकरा वर्षं मास्तरकी केली. धानोरा तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत. पुढे संसारानं पुण्याला नेलं. आज तुम्ही मला परत बोलावलंत, तेही या खुर्चीवर. साहित्याच्या संमेलनात मी जंगल आणि कचरा यांवर बोलणार आहे. या दोन्हींमध्ये एक वस्तू समान आहे आणि ती आपल्या धंद्यातली आहे. ती वस्तू म्हणजे कागद.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. घर आवरताना जुन्या कागदांचा एक गठ्ठा मी सुक्या कचऱ्यात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या इमारतीचा कचरा नेणाऱ्या मावशी दारात उभ्या. हातात घडी घातलेला, कडांना पिवळा पडलेला एक कागद. माझा शिक्षिका म्हणून नेमणुकीचा आदेश. म्हणाल्या, “बाई, यावर गोल शिक्का हाय. शिक्क्याचा कागद टाकायचा नसतो.”

मावशींना वाचता येत नाही. पण कागद त्यांच्याइतका मला कळत नाही. दोन बोटांत धरला की त्या सांगतात: हा पांढरा, हा छापील रद्दीतला, हा मेणचट, याला भाव नाही. पुठ्ठा वेगळा, वह्या वेगळ्या, ओला झालेला कागद बाजूला. हे सगळं हात चालता चालता होतं. त्या ढिगातून त्यांनी माझा आदेश नेमका वेगळा काढला, कारण शिक्का नसलेल्या माणसाचं काय होतं हे त्यांनी तरुणपणी पाहिलेलं होतं. खांद्यावर पोतं असलेली बाई दिसली की चोर समजून हटकायचं, पोतं उलटं करायला लावायचं, ही तेव्हाची रीत. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या, बहुतेक दलित समाजातल्या या बायकांची ती संघटना. तिनं सुरुवातीलाच जे मागितलं त्यात ओळखपत्र होतं. काही वर्षांत महापालिकेनं त्याला मान्यता दिली. पुढे २००८ साली याच बायकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेनं घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार महापालिकेशी केला. उकिरड्यावर वाकून वेचणारी बाई दाराशी येऊन घंटी वाजवू लागली. कामाचा वास तोच राहिला, पण तिचं नाव बदललं.

आता जंगलाकडे येते.

बांबू हे गवत आहे. इथल्या कुठल्याही पोराला हे ठाऊक आहे. पावसाळ्यात वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, कसे फुटतात, चार दिवसांत कसे उंच होतात, हे ज्यानं पाहिलं त्याला वेगळं सांगावं लागत नाही. पण १९२७च्या भारतीय वन कायद्यात ‘झाड’ या शब्दाची व्याख्या करताना बांबू त्यात घातला. कुणी साहेबानं कलम लिहिलं आणि गवताचं झाड झालं. झाड झालं म्हणजे ते सरकारी लाकूड झालं, आणि त्याला हात लावणारा गोंड किंवा बुरूड गुन्हेगार झाला. निस्ताराच्या, म्हणजे घरगुती वापराच्या, हक्काचे चार बांबू आणायचे तरी गार्डापुढे उभं राहायचं. त्याच जंगलातला बांबू ट्रकच्या ट्रक भरून नाममात्र दरात कागद कारखान्यांना जात होता. मी पोरांना ज्या पुस्तकातून धडे शिकवत होते त्याचा कागद कुठून आला असेल, हा विचार तेव्हा माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. त्यात गौण वनोपजांच्या यादीत बांबू स्पष्ट लिहिला आहे. २००९ साली मेंढा आणि मर्दा या आपल्याच जिल्ह्यातल्या दोन गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. देशातले ते पहिले. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १,८०९ हेक्टर जंगल आलं. शंभरएक घरांचं गाव ते. ‘मावा नाटे मावा राज’ म्हणणारं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा तुम्हा सगळ्यांना पाठ आहे.

पण हक्काचा कागद मिळूनही बांबू गावाबाहेर नेता येईना. त्यासाठी वाहतुकीचा परवाना लागतो, ज्याला आपण टीपी म्हणतो. तो वनखात्यानंच द्यायचा आणि वनखातं म्हणत होतं, बांबू झाड आहे. गावानं ट्रक अडवले नाहीत, कुणाची डोकी फोडली नाहीत. कायदा वाचला. पुन्हा वाचला. मेंढ्यात अभ्यासगट नावाची चीज पूर्वीपासून आहे. बाहेरचे जाणकार बोलवायचे, प्रश्न विचारायचे, गावाला समजेपर्यंत ठराव करायचा नाही. आणि ठराव करायचा तो सर्वसहमतीनं, बहुमतानं नाही. या कामातल्या देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं तुम्हाला माहीत आहेत. मला त्यांच्यापेक्षाही त्या अंगणात रात्र-रात्र बसणाऱ्या, ज्यांची नावं छापून येत नाहीत त्या माणसांच्या चिकाटीचं नवल वाटतं. २०११च्या मार्चमध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्रं लिहिली की बांबू गौण वनोपज मानावा. २७ एप्रिल २०११ला ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं.

एक पुस्तक! आपण पुस्तकांच्या प्रकाशनाला टाळ्या वाजवतो. त्या दिवशी ज्या पुस्तकाचं हस्तांतर झालं त्यात एकही साहित्यिक ओळ नव्हती. नुसते रकाने होते: माल कुठला, किती, कुठून कुठे. पण सही ग्रामसभेची. पुढे २०१७ साली संसदेनं १९२७च्या त्या व्याख्येतून बांबू हा शब्दच काढून टाकला. गवत पुन्हा गवत व्हायला ९० वर्षं लागली.

मालकी आली की लोक जंगल विकून खातील, असं शहरात मला पुष्कळदा ऐकवलं जातं. त्यांना मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला जायला सांगते. २०१२ साली हजारएक हेक्टरांवर हक्क मिळाल्यावर या गावानं तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं. तेंदूचा पैसा रोख असतो, उन्हाळ्यात हातात येतो. तरी पानांसाठी झाडं छाटली जातात, आगी लागतात, आणि शेवटी विडीच होते, म्हणून तो पैसा नको. मिलिंद बोकील यांनी मेंढ्यावर आणि पाचगाववर पुस्तकं लिहिली. तशी पुस्तकं मराठीत अजून फार थोडी आहेत.

आता मला माझी एक चूक तुमच्यापुढे ठेवायची आहे. ती आजवर कुठे बोलले नाही.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका गावात, नाव घेत नाही, मला सभेचा वृत्तांत लिहायला बसवलं. गावात नीट मराठी लिहिणारी मीच. मोहाच्या झाडाखाली सभा, दुपारपासून दिवे लागेपर्यंत. एक म्हातारी बोलायला उठली. ती गोंडीत बोलत होती आणि शेजारचा पोरगा मला अर्थ सांगत होता. कुठल्या नाल्यापर्यंत आमची गुरं जातात. कुठल्या टेकडीवर आमचे देव आहेत. कुठले मोह कुठल्या घराचे आणि ते कुणाच्या आज्यापासून. कुठल्या डोहात मासे धरायचे नाहीत, आणि वास्ते कुठपर्यंत काढायचे नि कधी थांबायचं. ती बोटं दुमडत, एकेक खूण सांगत होती, जणू नकाशाच वाचत होती. पाऊण तास तरी बोलली असेल. मी वहीत लिहिलं: ‘जंगलाविषयी चर्चा झाली. सर्वानुमते मंजूर.’

दोन वाक्यं. अक्षर सुंदर होतं.

वनहक्क कायद्याचे नियम २००८ साली आले. त्यातला तेरावा नियम पुराव्यांविषयी आहे. सरकारी नोंदी, नकाशे, निस्तार यांच्याबरोबर त्यात आणखी एक पुरावा मान्य केला आहे: गावातल्या वडीलधाऱ्यांचं कथन, लिहून घेतलेलं. पुण्यात बसून मी ती ओळ वाचली आणि पुस्तक मिटून ठेवलं. तोवर ती म्हातारी गेली होती. तिनं जे सांगितलं ते अक्षरशः पुराव्याचं बाड होतं. नाला, टेकडी, डोह, पिढ्या, सगळं. लिहिणारी समोर बसली होती, हातात लेखणी होती आणि तिला ते बोलणं ‘चर्चा’ वाटलं. तिची भाषा मला येत नव्हती हे खरं. पण त्याहून खरं हे की ती भाषा लिहिण्याजोगी आहे असं मला वाटलंच नव्हतं.

पर्यावरणाचा अन्याय नेहमी काळ्या धुराच्या रूपात येत नाही, मित्रांनो. तो पुष्कळदा वहीतल्या अशा स्वच्छ ओळीतून येतो.

पुढे धूरही येतोच. मुंबईत तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या पाडल्या आणि हजारो माणसांना माहुलला नेऊन ठेवलं. तेलशुद्धीकरण प्रकल्प आणि रसायनांच्या टाक्या यांच्या कुशीत. तिथल्या हवेनं रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ सालीच म्हटलेलं होतं. तरी कागदावर त्या स्थलांतराचं नाव काय? पुनर्वसन. ‘वसणं’ हा किती प्रेमळ शब्द आहे मराठीत! २०१८ साली त्यातली कुटुंबं विद्याविहारच्या फूटपाथवर येऊन राहिली. छप्पर सोडून उघड्यावर, कारण तिथे निदान श्वास घेता येत होता. २०१९मध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं की या लोकांना माहुलला जायची सक्ती करता येणार नाही. तिथल्या बायकांनी काय केलं होतं? औषधांच्या चिठ्ठ्या, दवाखान्याचे कागद जपून ठेवले होते, पिशव्यांत घालून, गाठ मारून.

आणि माझं पुणं. वर्षानुवर्षं आमच्या शहराचा न निवडलेला कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी पडत आला. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं. गावकरी रस्त्यावर उतरून गाड्या अडवतात तेव्हा आमच्याकडे बातमी येते ती ‘कचराकोंडी’ची. कोंडी कुणाची? चार दिवस कचरा न उचललेल्या आमच्या फ्लॅटांची. बातमी लिहिणारा राहतो तिथून कोंडी मोजली जाते.

म्हणून माझं आजचं मागणं साधं आहे. आपल्यापैकी जे लिहितात त्यांनी या लढ्यांवर कविता, कादंबऱ्या लिहाव्यातच. पण त्याआधी लेखनिक व्हावं. १९२१ साली मुंबईला वीज देण्यासाठी मुळशी पेट्यात धरण बांधायला मावळ्यांनी विरोध केला. सेनापती बापटांमुळे तो सत्याग्रह आपल्याला आठवतो. त्यातले एक पुढारी विनायकराव भुस्कुटे यांनी तो लिहून ठेवला म्हणून तो आपल्या हाती राहिला. पण शेताच्या बांधावर जाऊन बसलेल्या माउल्या काय बोलल्या? ते कोणत्या वहीत आहे? मला ते सापडलेलं नाही. शंभर वर्षांनी कुणीतरी आपल्याविषयी हेच विचारील.

संमेलनाच्या ठरावांत एक ठराव घालावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ग्रामसभेचं इतिवृत्त जिथे गोंडी, माडिया, कोरकू, पावरी बोलली जाते तिथे त्या भाषेत, देवनागरीत का होईना, आधी लिहिलं जावं आणि मराठी मागाहून यावी. बोलणारीचं नाव त्यात असावं. जिल्ह्यातल्या शिक्षकांना मी वेगळं सांगते: तुम्हाला वृत्तांत लिहायला बसवतील तेव्हा दोन ओळींवर उठू नका.

मावशींचं एक सांगून थांबते. गेल्या पावसाळ्यात त्या कागद-लेखणीची पिशवी घेऊन आल्या. कचरा निवडायला छप्पर नाही, माल भिजतो, भिजला की भाव जातो. त्याचा अर्ज लिहून हवा होता. मी सरावानं लिहिलं आणि वाचून दाखवलं: ‘तरी आम्हा गरिबांवर कृपा करून शेड उपलब्ध करून द्यावी, ही नम्र विनंती.’

मावशी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “बाई, कृपा कशाला? आमी काम करतो न्हवं? किती किलो कागद उचलतो ते लिवा. आन भिजल्यानं किती वाया जातो ते लिवा. दोन्हीचा हिशोब हाय माझ्याकडं.”

त्यांनी पदराच्या गाठीतून भंगाराच्या दुकानाच्या चिठ्ठ्या काढल्या. महिन्यांच्या क्रमानं लावलेल्या होत्या. मी पहिला अर्ज फाडला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, पांढऱ्या कागदाच्या पोत्यात टाकला, आणि आम्ही नव्यानं लिहायला बसलो.