तेरा महिन्यांचे राष्ट्र

(धाराशिव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण ध्वजवंदन करतो, हुतात्म्यांचे स्मरण करतो आणि घरोघर जातो. आज मला त्या दिवसाच्या आधीच्या तेरा महिन्यांविषयी आणि नंतरच्या काही आठवड्यांविषयी बोलावयाचे आहे.

इंग्रज जाताच आपण सार्वभौम होणार, असे निजाम मीर उस्मान अली खान यांनी जून १९४७ मध्ये जाहीर केले. ८२ हजार चौरस मैलांचा मुलूख, सुमारे १ कोटी ६० लाख प्रजा, स्वतःचा हाली सिक्का, टपाल, रेल्वे, फौज. राष्ट्र म्हणवून घेण्यास लागणारे सारे काही होते. फक्त प्रजेला कोणी विचारले नव्हते. ७ ऑगस्टला स्टेट काँग्रेसने सत्याग्रह पुकारला आणि देश स्वतंत्र झाला त्या दिवशी स्वामी रामानंद तीर्थ अटकेत गेले. सोलापुरात जो तिरंगा डौलाने फडकत होता, तोच तुळजापुरात लावणे गुन्हा होता. या नगराला तर नावही त्याच निजामाचे होते.

२९ नोव्हेंबरला भारत सरकारशी एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. तो पाळण्याची इच्छा हैदराबादच्या राज्यकर्त्यांत नव्हती. पाकिस्तानला वीस कोटींचे कर्जरोखे दिले गेले आणि रझाकारांना मोकळे रान मिळाले. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर १९८२ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. गावे लुटली गेली, माणसे बार्शी-सोलापूरकडे पळाली, सरहद्दीवर प्रतिकाराची केंद्रे उभी राहिली. हे आपण जाणता. पुष्कळांच्या घरी ते आजही सांगितले जाते. परंतु रझाकारांविरुद्ध निर्भयपणे लिहिणारा ‘इमरोज’चा संपादक शोएबुल्ला खान ऑगस्ट १९४८ मध्ये त्यासाठीच मारला गेला, हे आपण किती वेळा सांगतो?

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा सोलापूरहून नळदुर्गमार्गे आत शिरल्या. पाचव्या दिवशी निजामाने शस्त्रे खाली ठेवली. आपला इतिहास बहुधा येथेच थांबतो.

तो येथे थांबत नाही. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने राज्यातील नऊ जिल्हे पाहिले. पोलीस कारवाईच्या काळात व त्यानंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत आपला उस्मानाबाद होता. लातुरात कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली. तेथील दहा हजारांच्या मुस्लिम वस्तीपैकी जेमतेम तीन हजार लोक समितीला आढळले. हा अहवाल दडपला गेला. सर्वसामान्य अभ्यासकांना तो वाचावयास मिळाला २०१३ च्या सुमारास!

हे सांगितले की काही मित्र अस्वस्थ होतात. रझाकारांचे अत्याचार झाकले जातील, अशी त्यांना भीती वाटते. मला ती पटत नाही. आपला लढा सरंजामी सत्तेशी होता. शेजारच्या पिंजाऱ्याशी, विणकराशी नव्हता. आणि सत्तेचे काय झाले? निजाम वर्षाला पन्नास लाखांचा तनखा घेत १९५० ते १९५६ या काळात राजप्रमुख म्हणून मिरवले. पंतप्रधान लायक अली नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात पोहोचले. रझवीही शिक्षा भोगून १९५७ मध्ये तिकडेच गेला. हिशेब चुकता केला तो ज्यांना पळावयास जागा नव्हती त्यांनी.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान सोबत्यांचे हल्लेखोरांपासून रक्षण केले आणि त्यासाठी प्राणही गमावले. पळवून नेलेल्या स्त्रिया परत मिळवून देण्यातही अनेक हिंदूंनी साहाय्य केले. त्या विणकरांची नावे कोणत्याही स्तंभावर कोरलेली माझ्या पाहण्यात नाहीत.

पुढील बैठकीपूर्वी प्रत्येकाने आपापल्या गावातील सर्वांत वृद्ध माणसाकडे जावे, दोन्ही वस्त्यांत जावे, आणि सप्टेंबरच्या त्या पंधरवड्यात गावात काय घडले ते लिहून आणावे. ती पिढी आता फार थोडी उरली आहे.