हिरवे रक्त

बोरिवलीहून सकाळी सुटणाऱ्या गाडीत, अथवा घाटकोपरच्या मेट्रो स्थानकाबाहेर घोळका करून उभ्या असलेल्या कॉलेजातील मुलांच्या हातांतल्या मोबाईलकडे कोणी क्षणभर पाहिले, तर तेथे एक लढाई जुंपलेली आढळण्याचा पुष्कळ संभव आहे. विमानातून शंभर वीर एका ओसाड बेटावर उतरतात, पडक्या घरांतून बंदुका धुंडाळतात, एकमेकांस टिपतात, आणि अखेरपर्यंत जो टिकून राहील तो जिंकतो. गोळी लागली की रक्त उडते. मात्र ते रक्त हिरवे असते. पडलेला गडी 'मारला' असे येथे म्हणावयाचे नाही. त्याऐवजी 'संपवला' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द योजलेला आहे. आरंभीच्या आवृत्तीत तर हे जग खरे नव्हे, काल्पनिक आहे, असे एक आवाज खेळणाऱ्यास बजावीत असे. घरातील वडील मंडळींस हा प्रकार चमत्कारिक वाटेल. मुलांस त्याचे काहीच वाटत नाही. त्यांनी हा खेळ याच वेषात पाहिलेला आहे.

परंतु सर्व जगात हा खेळ याच वेषात वावरत नाही. मूळ खेळ दक्षिण कोरियातील. त्याची मोबाईलवरील आवृत्ती २०१८ साली चीनमधील टेन्सेंट कंपनीच्या द्वारे बाहेर पडली, आणि 'पबजी' हे तिचे नाव आपल्याकडे घरोघर झाले. चीनमध्येच तिला सरकारी परवाना मिळेना. तेव्हा ८ मे २०१९ रोजी तेथे तोच खेळ नव्या नावाने पुढे आला. नावात शांती हा शब्द होता आणि लढाईला दहशतवादविरोधी लष्करी सरावाचे रूप दिलेले होते. त्यात गोळी लागलेला मनुष्य मरत नाही. तो गुडघे टेकतो, आपले सामान एका पेटीत ठेवून शत्रूच्या स्वाधीन करतो, हात हालवून निरोप घेतो आणि अदृश्य होतो! युद्धात इतका सभ्य मृत्यू महाभारतकारांनाही सुचला नाही.

भारतीय आवृत्तीची कथा याहून अधिक विचार करावयास लावणारी आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ अन्वये ११८ चिनी संबंधांची ॲप्स बंद केली. त्यांत हा खेळही होता. हुकुमात दिलेले कारण देशाच्या सुरक्षिततेचे आणि नागरिकांची माहिती परदेशी जाण्याचे होते. रक्ताच्या रंगाविषयी त्यात चकार शब्द नव्हता. असे असता त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कोरियन कंपनीने भारतासाठी जी नवी आवृत्ती जाहीर केली, तीत कोणते फेरफार सांगितले? माहितीच्या रक्षणाची हमी होतीच. परंतु तिच्या जोडीला पात्रे प्रथमपासून पूर्ण कपडे घातलेली असतील, जखमेचा रंग हिरवा असेल, लढाई ही कवायतीच्या मैदानावरील आहे असे दाखविले जाईल, हेही होते. आरोप एका गोष्टीचा आणि प्रायश्चित्त दुसऱ्याच गोष्टीचे, असा हा मामला झाला.

ही आवृत्ती २ जुलै २०२१ रोजी नव्या नावाने सुरू झाली. पुढे २८ जुलै २०२२ रोजी तीही दुकानातून उठली, आणि मे २०२३ मध्ये तीन महिन्यांच्या परीक्षेवर परत आली. या सर्व काळात रक्त हिरवेच होते. त्यामुळे ती बंदीतून वाचली नाही, आणि परत आली तीही त्यामुळे आली असे दिसत नाही.

हिरव्या रक्ताची युक्ती मात्र नवी नव्हे. इंग्लंडात १९९७ साली 'कार्मागेडन' नावाचा, पादचाऱ्यांस मोटारीखाली चिरडावयाचा एक ओंगळ खेळ निघाला. तेथील चित्रपट परीक्षण मंडळाने त्यास प्रमाणपत्र नाकारले. कंपनीने पादचाऱ्यांची भुते केली, त्यांच्या अंगात हिरवे रक्त घातले आणि खेळ विकावयास आणला. परंतु त्याचबरोबर अपील केले, ते जिंकले, आणि मूळ खेळ तांबड्या रक्तासह बाजारात आला. खेळ चांगला होता असे कोणी म्हणणार नाही. पण नाकारणारा कोण, हे तेथे सर्वांस ठाऊक होते, आणि त्याच्यावर दाद मागावयास जागा होती.

आज ज्यांची मुले हा लढाईचा खेळ खेळतात, ते आईबाप स्वतः लहान असताना, म्हणजे १९९० च्या सुमारास व त्यानंतर, मुलुंड-अंधेरीच्या चाळींतून आणि सोसायट्यांतून टीव्हीला जोडावयाचे स्वस्त यंत्र येऊ लागले होते. त्यात पिवळी-काळी कॅसेट खुपसली की 'कॉन्ट्रा' सुरू होई. दोन उघडेबंब सैनिक अरण्यातून गोळ्या झाडीत धावत. ह्याच खेळाची युरोपातील आवृत्ती 'प्रोबोटेक्टर' या नावाने निघाली होती आणि तीत सैनिकांच्या जागी यंत्रमानव होते. इकडे ती यंत्रे बहुधा नकली, त्यांतील कॅसेटीही नकली. त्यामुळे कोणाच्याही कात्रीची छाया त्यांच्यावर पडली नाही. युरोपातील मुले यंत्रे मोडीत होती, तेव्हा येथील मुले बिनदिक्कत माणसे मारीत होती. त्या मुलांपैकी बहुतेक आज बँकांतून आणि शाळांतून शांतपणे नोकऱ्या करीत आहेत, हे सेन्सॉरच्या अतिउत्साही पुरस्कर्त्यांनी लक्षात घ्यावे.

एकाच कृतीची प्रांतोप्रांती निरनिराळी गत होणे मुंबईस अपरिचित नाही. १९१८ च्या सिनेमा कायद्यानंतर १९२० साली मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे सेन्सॉर मंडळे स्थापन झाली. पुढच्याच वर्षी मुंबईच्या कोहिनूर कंपनीचा 'भक्त विदुर' हा मूकपट निघाला. विदुराच्या वेषात प्रेक्षकांस गांधीजी दिसले, आणि मुंबईत चाललेला तो चित्रपट मद्रास व सिंध येथे बंद झाला. १९३० साली कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने शिवछत्रपतींवर 'स्वराज्यतोरण' तयार केला. 'स्वराज्य' हा शब्द सेन्सॉरास सोसेना, म्हणून तो 'उदयकाळ' या नावाने दाखवावा लागला. हा जुलूम खराच. परंतु जुलूम करणाऱ्यास दार होते, त्या दारावर पाटी होती, आणि काय कापले हे कापून घेणाऱ्यास कळत होते.

खेळांच्या बाबतीत चित्रपटासारखे प्रमाणपत्र देणारे मंडळ भारतात नाही. त्यामुळे कात्री दुकानदाराच्याच हाती आहे, आणि ती तो भीतीच्या अंदाजाने चालवितो. २००८ च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने 'फॉलआउट ३' हा गाजलेला खेळ भारतात विकणार नाही असे जाहीर केले. कारण दिले ते 'सांस्कृतिक संवेदनशीलते'चे. त्या खेळात दोन तोंडांची गाय आहे व तिचे नाव 'ब्राह्मिन' आहे, यावरून लोकांनी तर्क बांधले. बंदीचा हुकूम कोठे निघाला नव्हता. न झालेल्या दंगलीच्या भयाने न मागितलेली शिक्षा स्वतःस करून घेणे, हा सेन्सॉरचा सर्वांत अवघड प्रकार होय. कारण त्याविरुद्ध अपील कोणाकडे करावयाचे?

रंगाचा विचार इतका झाल्यावर खऱ्या अपायाकडे वळले पाहिजे. २०१९ साली एका अकरा वर्षांच्या मुलाने आईच्या द्वारे मुंबई उच्च न्यायालयात याचिका करून या खेळावर बंदी मागितली होती, यावरून घराघरांतील चिंता केवढी होती ते दिसेल. भारतीय आवृत्तीत या चिंतेस धरून दोन नियम खरोखर उपयोगाचे केलेले आहेत. अठरा वर्षांखालील मुलास दिवसास तीनच तास खेळता यावे, आणि दिवसास ७,००० रुपयांहून अधिक खर्च करता येऊ नये. ७,००० ही रक्कम मर्यादा म्हणून कोणास सुचली, हे एक कोडेच आहे. उपनगरातील कित्येक कुटुंबांत तेवढ्यात महिन्याचा किराणा येतो.

तथापि हाही नियम कितपत चालतो? ऑगस्ट २०२१ मध्ये उपनगरातील एका मुलाने पबजीच्या पायी आईच्या बँकेतील खात्यातून सुमारे दहा लाख रुपये उडविल्याचे उघडकीस आले. घरचे रागावले, तेव्हा तो चिठ्ठी लिहून निघून गेला. पोलिसांनी त्याला अंधेरीच्या महाकाली लेण्यांच्या परिसरात शोधून काढले आणि घरी पोचविले. दिवसास ७,००० ची मर्यादा पाळली गेली असती, तर दहा लाख खर्च व्हावयास एकशे बेचाळीस दिवसांहून अधिक लागले असते. भारतीय आवृत्ती निघून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. बंदीच्या काळात कित्येक मुले आडवाटेने परदेशी आवृत्त्या खेळतच होती, आणि तेथे ही मर्यादा नव्हतीच.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी केली. या लढाईच्या खेळात पैसे लावीत नाहीत. बंदुकीस नवा रंग, वीरास नवा अंगरखा, असल्या वस्तू विकत घेतात. तेव्हा त्या बंदीत तो येत नाही, आणि मर्यादेचा प्रश्न होता तेथेच राहतो.

भारतीय आवृत्ती सुरू झाली तेव्हा ती खेळणाऱ्यास प्रथम वय विचारीत असे. अठरा वर्षांखालील म्हणून सांगणाऱ्याने पालकाचा मोबाईल क्रमांक द्यावयाचा, आणि त्या क्रमांकावर येणारा संकेतांक भरावयाचा. पण प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे मुलानेच, आणि संकेतांक ज्या मोबाईलवर येणार तो आईचा मोबाईल बहुधा त्या वेळी मुलाच्याच हाती असे.