प्लग ओढण्याआधी



आमच्या महासंघाच्या कार्यालयात एक जुना संगणक आहे. सगळ्या गटांची बचत, कर्ज, हप्ते यांच्या नोंदी त्यात राहतात आणि बाकीचे संगणक त्याच्याकडून त्या मागून घेतात. अशा संगणकाला सर्व्हर म्हणतात. आमच्या सर्व्हरवर लिनक्स चालते. हप्त्याच्या दिवशी तो अडला की मजुरी बुडवून आलेल्या बायका ताटकळतात. दुरुस्तीवाला म्हणाला, "नवीनच घ्या." कुणी म्हणे, प्लग ओढा. पण प्लग ओढला तर चालू नोंद अर्धवट राहू शकते. म्हणून आम्ही आधी आत बघायला शिकलो. काळ्या पडद्यावर शब्द टाईप करायचा आणि एंटर दाबायचे, एवढेच.

पहिला शब्द टॉप, टी-ओ-पी. चालू कामांची यादी दिसते. प्रत्येक कामाला नंबर असतो. सर्वात जास्त प्रोसेसर वापरणारे काम वर असते. शिफ्ट धरून एम दाबले की जास्त मेमरी खाणारे वर येते. बाहेर पडायला क्यू दाबा.

तिथेच वर 'लोड अ‍ॅव्हरेज'चे तीन आकडे असतात: गेल्या 1, 5 आणि 15 मिनिटांचे. पिठाची गिरणी आठवा. चार चक्क्या आणि चार डबे असले तर कुणी खोळंबत नाही; आठ डबे आले की चार रांगेत. तसेच प्रोसेसरचे कोअर 4 असतील तर लोड 4 पर्यंत चालतो, 8 झाला की कामे खोळंबतात.

दुसरा शब्द फ्री, मग जागा सोडून डॅश आणि एच. यात मेमरी दिसते. 'फ्री' रकाना कमी दिसला तरी घाबरू नका. लिनक्स रिकामी मेमरी फायली हाताशी ठेवायला वापरते आणि गरज पडली की बरीचशी मोकळी करते. 'अव्हेलेबल' रकाना बघा.

तिसरा डीएफ, तसेच डॅश एच लावून. डिस्क किती टक्के भरली ते कळते. कणगी काठोकाठ भरली की नवे धान्य ओतता येत नाही, तशी 100 टक्के भरलेल्या डिस्कवर नवी नोंद राहत नाही.

एखादे काम थांबवायचे तर किल आणि त्याचा नंबर. हे त्याला आवरते घ्यायला सांगणे झाले. किल डॅश 9 मात्र आवरायलाही वेळ देत नाही. हिशेबाच्या कामावर ते जाणकाराला विचारल्याशिवाय वापरू नका.

आमच्याकडे टॉपमध्ये काय दिसले? नोंदींची नक्कल काढण्याचे काम ऐन दुपारी चालत होते. त्याची वेळ रात्रीची करून घेतली. रांग सरली, नव्या संगणकाचा खर्चही वाचला.

तुमच्याकडे असा संगणक असेल, तर कामे सुरळीत असतानाही लोड, मेमरी आणि डिस्कचे आकडे वहीत लिहा. नेहमीचे आकडे माहीत असले की बिघाडाचे ओळखू येतात, आणि दुरुस्तीवाल्यालाही नेमके विचारता येते.