मन माघारी आणण्याचा अभ्यास



मंडळी म्हणाली, महाराज, यंदा निरूपणाच्या ऐवजी मनाच्या दुखण्यावर चार शब्द बोला. आम्ही शिकलो चौथी, धंदा द्राक्षाचा आणि सेवा कीर्तनाची. दवाखान्याची विद्या आमच्याकडे नाही. पण दिंडीत पूर्वी लोक पाय दुखतात म्हणून सांगायचे, आताशा झोप लागत नाही, जीव घाबरा होतो, हेही सांगायला लागलेत. म्हणून आम्ही मानसोपचाराच्या डॉक्टरांना गाठून पुष्कळ विचारून घेतलं. तेच सांगतो.

आमच्या तासगाव भागातला एक बागायतदार आहे, नाव सांगत नाही. घडात साखर भरायच्या वेळेला अवकाळी झाला, मणी तडकले, सोसायटीचं कर्ज तसंच राहिलं. पुढच्या साली बाग चांगली आली, तरी आभाळ भरून आलं की ह्याची छाती धडधडायची, हाताला घाम, श्वास पुरेना. हार्ट अटॅकच आला म्हणून दोनदा तालुक्याला नेला. ईसीजी काढला, हृदयाला काही नाही. डॉक्टर म्हणाले, मानसोपचारवाल्यांना दाखवा. तर घरचे म्हणतात, "ह्याला काय येड लागलंय का?" आणि एक माळकरीच म्हणाला, "नाम कमी पडलं असंल."

हे बोलणं आम्हाला फार लागलं. पाय मोडला तर नाम कमी पडलं म्हणतो का आपण? प्लास्टर घालून आणतो. मग मनानंच काय घोडं मारलंय?

डॉक्टरांनी त्याला समजावलं ते असं. छाती धडधडली की मन म्हणतं, आता मेलो. त्या भीतीनं छाती आणखी धडधडते. ती धडधड बघून मन आणखी भितं. म्हणजे पाऊस राहिला बाजूला, माणूस आपल्या भीतीलाच भ्यायला लागतो. त्याला थोडे दिवस गोळ्या दिल्या आणि समुपदेशक बाईंनी एक अभ्यास शिकवला. त्याला सजगता म्हणतात, इंग्रजीत माइंडफुलनेस.

ह्याचं मूळ बुद्धाच्या ध्यानात आहे. आपल्याकडे इगतपुरीला गोयंका गुरुजींचं विपश्यनेचं केंद्र आहे, त्याच कुळातलं हे. दवाखान्यात ते आणलं जॉन कबाट-झिन नावाच्या अमेरिकन माणसानं, १९७९ साली, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या दवाखान्यात. वर्षानुवर्षं अंग दुखणारे, औषधानं पुरता गुण न आलेले रोगी त्यांनी घेतले. आठ आठवड्यांचा वर्ग, आठवड्यातून एकदा जमायचं, बाकीचे दिवस घरी रोज पाऊण तास अभ्यास. पुढं इंग्लंड-कॅनडाच्या तीन मानसशास्त्रज्ञांनी उदासीचा आजार पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या लोकांसाठी त्याची उपचाराशी जोड घातली, आणि इंग्लंडात २००४ साली सरकारी शिफारशीत ते आलं. काही जण म्हणतात, हे सगळं आपलंच, त्यांनी चोरलं. आम्हाला ते पटत नाही. कुठून घेतलं हे ते लोक उघड सांगतात, आणि रोग्यांवर तपासून बघायचे कष्टही त्यांनी घेतले.

त्या वर्गातला पहिला धडा काय असतो माहीत आहे? एक मनुका हातावर ठेवतात. आमच्या भाषेत बेदाणा! तो बघायचा, सुरकुत्या बघायच्या, वास घ्यायचा, जिभेवर ठेवायचा, मग सावकाश चावायचा. आम्ही हसलो. जन्म गेला शेडवर बेदाणा टाकण्यात, पोत्यानं विकला. मग घरी एक घेऊन बसलो, तर खरं सांगतो, तिसऱ्या सुरकुतीवर मन सौद्याला जाऊन दर काढायला लागलं.

बाई म्हणाल्या, मन जाणारच. गेलं हे कळलं की रागं न भरता माघारी आणायचं, श्वासावर नाहीतर बेदाण्यावर. पुन्हा जाईल, पुन्हा आणायचं. विचार बंद पाडायचे नाहीत. 'छाती धडधडतेय' एवढं बघायचं, 'आता मरतो' ह्याच्या मागं पळायचं नाही.

माउली, हे टाळकऱ्याला लगेच कळंल. भजनात उभं असताना मन मोटरीवर जातं, लाइट आली असंल का म्हणतं. टाळ चुकतो, शेजारचा बघतो, आपण पखवाजावर परत येतो. दिवे घाट चढताना तर पाऊल आणि टाळ ह्याच्याशिवाय काही उरत नाही. तरी दोन्ही एकच असं आम्ही म्हणणार नाही. नामात आपला पांडुरंग उभा आहे, आपण प्रेमानं जातो. दवाखान्याच्या अभ्यासाला देव लागत नाही, तो कुठल्याही धर्माच्या माणसाला, देव न मानणाऱ्यालाही चालतो. आजारासाठी तो, भक्तीसाठी हे. एकानं दुसऱ्याची जागा घ्यायचं कारण नाही.

आणि ह्यानं कर्ज फिटत नाही. त्यासाठी सोसायटीतच जावं लागतं, पण छाती धडधडत असताना कागद वाचता येत नाहीत, तेवढा उपयोग. काहींना डोळे मिटून बसलं की उलट जास्त घाबरं होतं, जुना घाव वर येतो. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, सावकाश चालत करावं, शिकवणाऱ्याला सांगावं. गोळ्या चालू असतील तर आपल्या मनानं बंद करू नका. माळ घातली म्हणून तर नाहीच नाही.

त्या बागायतदाराला अजून आभाळ बघून धडधड होते. पण आता तो बांधावर बसतो, तळपाय मातीला टेकवतो, श्वास बघतो, आणि धडधड ओसरली की फवारणीचा विचार करतो. ह्या वारीला तो आपल्यात चालला.

कोणी जगणं नको असं बोललं, तर नुसतं बोलतोय म्हणू नका. एकट्याला सोडू नका, औषधाच्या बाटल्या घरातून हलवा, जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात न्या. टेली-मानसचा नंबर १४४१६, सरकारी आहे, रात्रंदिवस चालू, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. दिंडीच्या ट्रकवर पाण्याच्या टाकीशेजारी हा नंबर ह्या वर्षीपासून रंगवून घ्या, अशी आमची मंडळाला विनंती आहे.

विणेकरी उभे राहिले, हरिपाठाची वेळ झाली. टाळ घ्या. रामकृष्ण हरी.