केशरी कार्डाच्या शेतकऱ्याने रेशनचा अर्ज का करावा आणि कसा करावा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



मागच्या बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने उभे राहून विचारले, की आपण घामाचे दाम मागणारी माणसे; मग रेशन दुकानापुढे पिशवी घेऊन उभे कशाला राहायचे? टाळ्या पडल्या. प्रश्न खरा आहे, म्हणून आज त्यावरच बोलायचे ठरवले आहे.

शहराला स्वस्त धान्य द्यायचे म्हणून शेतकऱ्याचा भाव पाडला गेला, हे आम्ही गावोगाव सांगत आलो. आपल्या वडिलांनी ज्वारीची लेव्ही घातली आहे. तहसीलचा माणूस खळ्यावर यायचा आणि बाजारापेक्षा कमी दराने माल उचलून न्यायचा. ते विसरायचे कारण नाही. पण आज आपल्या शेतात काय उभे आहे ते बघा. सोयाबीन आणि कापूस. दोन्ही घरात शिजत नाहीत. ज्वारी गेली, तिच्याबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर गोठा गेला. म्हणजे मराठवाड्या-विदर्भातला कोरडवाहू शेतकरी आज धान्य विकणारा कमी आणि विकत घेणारा जास्त आहे. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता, आणि बाजार समितीत आपण तो बराच खाली दिला. विकताना पडलेला भाव घ्यायचा आणि गहू घेताना दुकानाचा भाव द्यायचा, वर हक्काचे पाच किलोही मानापायी सोडायचे, यात कसला मान? भावाची लढाई भावाच्या ठिकाणी चालू राहील. कायद्याने दिलेले मागून घेणे ही वेगळी गोष्ट आहे.

आता कायदा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. अंत्योदय कार्डाला कुटुंबामागे महिना ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये असा दर होता. जानेवारी २०२३ पासून तो शून्य झाला. दुकानदार या धान्याचे पैसे मागत असेल तर देऊ नका.

कार्डाच्या रंगावरून पुष्कळ गोंधळ आहे. पिवळे, केशरी, पांढरे हे रंग १९९९ चे. केशरी कार्ड असूनही कुटुंब ‘प्राधान्य’ यादीत असू शकते. तसा शिक्का कार्डावर असतो. शिक्का नाही, तर कार्ड फक्त कागद. म्हणून घरी गेल्यावर आधी शिक्का बघा.

शिक्का का नाही? ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४ हजार ठेवली. दिवसाला १२० रुपये, तेही सगळ्या घराचे. २०२५-२६ सालासाठी रोजगार हमीचा दर ३१२ रुपये ठरला. नवरा-बायकोने मिळून १४१ दिवस काम केले की घर या मर्यादेच्या टोकाला टेकते. ही मर्यादा वाढली पाहिजे, ही आपली मागणी आहेच. पण त्याआधी उत्पन्न सांगताना आपण जे करतो ते थांबवू. तलाठी विचारतो, किती झाले? आपण पट्टीवरचा आकडा सांगतो. आम्ही शेतकी कॉलेजात शिकलेली माणसे, हिशेब मांडून दाखवतो. तीन एकर सोयाबीन, एकरी सहा क्विंटल, ४२०० चा भाव धरा. ७५,६०० आले. बियाणे, खत, फवारणी, काढणी, मळणी मिळून एकरी अठरा हजार धरा, ५४,००० गेले. हातात २१,६००. उत्पन्न हे आहे. ७५,६०० ही उलाढाल झाली. स्वयंघोषणापत्रात पेरा, उतारा, भाव आणि खर्च वेगवेगळे लिहा. दुसरे उत्पन्न असेल तर तेही लिहा. खोटे लिहू नका, ते आपल्याच अंगावर येते.

दुसरी अडचण इष्टांकाची. कर्मचारी सांगतो, ‘इष्टांक भरला.’ हे थाप नसते दरवेळी. राज्याला सुमारे सात कोटी लोकांचा इष्टांक मिळाला तो २०११ च्या जनगणनेवर. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पण मयत, स्थलांतरित, नोकरदार यांची नावे कमी झाली की जागा होते, आणि ती ज्याचा अर्ज नोंदलेला आहे त्याच्या कामी येते. तोंडी विचारून परत येणाऱ्याचा कुठेच नंबर लागत नाही.

आता आपल्या चौदा जिल्ह्यांची गोष्ट. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा. शेतकरी आत्महत्यांमुळे इथल्या केशरी कार्डाच्या, पण प्राधान्य यादीत नसलेल्या शेतकऱ्यांना ऑगस्ट २०१५ पासून माणशी पाच किलो धान्य सुरू झाले. २०२२ मध्ये केंद्राकडून आधी गहू, मग तांदूळ मिळेनासा झाला. फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये ठरले, जानेवारीपासून. २०२४ साली ते १७० झाले. पाच माणसांच्या घराला महिन्याचे ८५० आणि वर्षाचे १०,२०० रुपये होतात. पैसा जमा होतो तो कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यात. इथेच घोडे अडते. खाते पतीच्या नावावर, बाईचे खाते बंद पडलेले, किंवा आधार जोडलेले नाही. भावांनो, या कामासाठी कारभारणीला बँकेत घेऊन जा. तुमच्या खात्याचा नंबर दिला म्हणून पैसा येणार नाही. अर्जासोबत कार्डाच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स, तिच्या पासबुकाचे पहिले पान, आधार आणि सातबारा ठेवा.

नावांचे घोळ तर घरोघरी. सून येऊन चार वर्षे झाली, दोन लेकरे झाली, कार्डावर तिघेही नाहीत. सुनेचे नाव माहेरच्या कार्डावरून कमी झाल्याशिवाय इकडे चढत नाही. आधी माहेरच्या तहसीलचा नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, मग इकडे नाव वाढवण्याचा नमुना ८ भरायचा. मयताचे नाव कमी करायला नमुना ९. भाऊ वेगळे झाले, चूल वेगळी झाली, तर नव्या कार्डासाठी नमुना १. हे ऑनलाइनही होते, पण सेतूत भरले तरी अर्जाचा नंबर घेतल्याशिवाय उठू नका.

पोच हा सगळ्यात मोठा कागद. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदत आणि अपील दिले आहे, पण मुदत मोजायची ती पोचेवरच्या तारखेपासून. पोच नाही तर अर्ज नाही. कर्मचारी ‘ठेवून जा’ म्हणाला तर आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या.

अंगठ्याचे बोलतो. आयुष्यभर खुरपे धरलेल्या म्हातारीचा अंगठा मशीनवर उठत नाही. धान्य उचलायला कार्डावरच्या कुठल्याही एका माणसाचा अंगठा चालतो. ई-केवायसी मात्र प्रत्येकाची लागते. बोट उठत नसेल तर डोळ्याचे मशीन किंवा चेहऱ्याची पडताळणी मागा. आधार नाही म्हणून नाव उडवू नका, असे केंद्राने २०१७ सालीच राज्यांना कळवले आहे.

दिवाळीनंतर कोयता घेऊन जाणाऱ्यांनी ऐका. एक देश एक रेशनकार्ड योजनेत फडाजवळच्या दुकानातही तुमचे धान्य मिळते, कर्नाटकात गेलात तरी. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांनी गावात आपला वाटा उचलावा. दुकानदार ‘तुमचे कार्ड आमच्याकडे नाही’ म्हणाला, तर बारा अंकी नंबर दाखवा.

दिले नाही तर? १९६७ वर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. त्यावर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, त्यावर राज्य अन्न आयोग. हक्काचे धान्य न मिळाल्यास भत्ता देण्याची तरतूद कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे. अर्जात ते कलम घाला. एकट्याने जाऊ नका. एका गावचे दहा अर्ज एकाच दिवशी द्या, आवक नंबर ओळीने लागतात आणि मग फाइल हरवणे अवघड जाते.

जेवणानंतर मंडपाच्या मागे सतरंजी टाकली आहे. कार्ड आणले असेल त्यांनी यावे, शिक्का बघून कोणता नमुना लागतो ते तिथेच लिहून देऊ. ज्यांनी आणले नाही त्यांनी तालुका बैठकीला आणावे, आणि घरातल्या बाईंना सोबत आणावे.