शेवटी कोण जेवतं?



जोडीनं बसलात, बरं झालं. आजची गोष्ट रक्ताची आहे आणि ती दोघांनी ऐकायची आहे.

आधी एक साधा प्रश्न. तुमच्या घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं? हसू नका. पोरं जेवली, धनी जेवले, सासू-सासरे जेवले, मग जी बसते तिच्या ताटात काय उरतं? भाकरी असली तर कालवण नसतं, आणि भाजी उरली तर ती पातेल्याच्या तळाची. आता हे मनात ठेवा.

आपलं रक्त लाल दिसतं ते त्यातल्या हिमोग्लोबिनमुळे. हिमोग्लोबिन तयार व्हायला लोह लागतं. रक्तातले लाल कण फुप्फुसातला प्राणवायू उचलतात आणि साऱ्या अंगाला पोचवतात. एक कण सुमारे 120 दिवस टिकतो, मग मोडतो. त्यातलं लोह शरीर फुकट घालवत नाही. झिजलेला फाळ लोहार पुन्हा भट्टीत घालतो, तसं तेच लोह नव्या कणासाठी वापरलं जातं. पण अंगाबाहेर गेलेल्या रक्तातलं लोह गेलं ते गेलंच. बाईचं रक्त दर पाळीला जातं, बाळंतपणात जातं. पोटातलं मूलही आपल्या वाट्याचं लोह आईकडूनच घेतं. म्हणजे जिला लोह जास्त लागतं, तिचंच ताट रिकामं!

मग पाण्याची घागर आणताना धाप लागते, छाती धडधडते, डोळ्यांपुढं अंधारी येते. खालची पापणी ओढून पाहा, आतून फिकी दिसेल. घरातले म्हणतात, आळशी झाली. हा आळस नव्हे, आजार आहे. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन 11 ग्रॅमच्या खाली असलं तर रक्त कमी समजावं. 7 च्या खाली गेलं तर घरी थांबूच नये, दवाखाना गाठावा. अशा बाईला बाळंतपणातला रक्तस्राव सोसत नाही. त्यात जीव जातो.

रोजच्या जेवणात बाजरी, मटकी, हरभरा, माठ किंवा मेथीची भाजी असू द्या. अळिवाचा लाडू चांगला. मटण-मासळी चालत असेल तर फारच उत्तम. भाजीवर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा मात्र नको; चहा लोह अडवतो. नर्सबाई लोहाच्या गोळ्या मोफत देतात. गरोदरपणी तिसरा महिना सरल्यावर रोज 1 अशी 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. शौचाला काळी होते, त्याला भिऊ नका. मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर घ्या, पण गोळ्या फडताळात ठेवू नका.

आता दादांनो, तुमच्याकडे वळतो. झीज भरून यायला वेळ लागतो. बाळ निदान 2 वर्षांचं होईपर्यंत पुन्हा दिवस राहू नयेत. "अंगावर पाजते आहे, पाळी आली नाही, मग काळजी कसली?" असं पुष्कळजण म्हणतात आणि फसतात. पाळी यायच्या आधीच स्त्रीबीज बाहेर पडतं, त्यामुळे पाळी न येताही दिवस राहू शकतात. बाळ 6 महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस केवळ अंगावरच पिणारं आणि पाळी आलेली नाही, या तिन्ही गोष्टी असतील तरच थोडा भरवसा. नाहीतर निरोध, तांबी, गोळ्या किंवा दर 3 महिन्यांचं इंजेक्शन आहे. रक्त कमी असेल तर कोणतं साधन सोसेल ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

आणि मुलं पुरेशी झाली असतील, तर ऑपरेशन बाईनंच करावं असं कुठं लिहिलं आहे? पुरुष नसबंदी बिनटाक्याची होते, त्याच दिवशी घरी जाता येतं. फक्त बीज नेणारी नळी बंद करतात. पौरुष देणारा रस थेट रक्तात मिसळतो, त्याला हात लागत नाही. नांगर धरायची ताकद तीच राहते. मात्र पुढचे 3 महिने निरोध वापरा आणि वीर्य तपासून घ्या. नळीत आधीचं बीज शिल्लक असतं.