पाय सुजला म्हणून पाऊल थांबवूं नका
(हेंद्रेपाडा, बदलापूर येथील रहिवाशांपुढें केलेलें भाषण)



आज मी निवडणुकीवर बोलणार नाहीं, देवाधर्मावरहि बोलणार नाहीं. मी पायांवर बोलणार आहें. कोणी हंसेल, पण ज्यांचें पोट पायांवर चालतें, त्यांच्या सभेंत याहून मोठा विषय कोणता? शेटजीची गादी त्याच्या बुडाखालीं असते. कष्टकऱ्याची गादी म्हणजे त्याचे दोन तळवे.

पहाटे हेंद्रेपाड्यांतून निघायचें, बदलापूर स्टेशन गांठायचें, सुमारें ६८ किलोमीटरचा मुंबईपर्यंतचा प्रवास लोकलमध्यें उभ्यानें करायचा आणि तेथें दुकानांत, कारखान्यांत किंवा दुसऱ्याच्या स्वयंपाकघरांत पुन्हां दिवसभर उभें राहायचें. रात्रीं घरीं आल्यावर चपलेचा पट्टा पायांत रुतलेला असतो. बोटानें दाबलें तर खळगा पडतो. मग कोणी म्हणतो, "आतां चालणें बंद." कोणी साडीचा काठ पायावर ओढून मुकाट्यानें सोसतें. हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत.

प्रथम रुंद पायाविषयीं. रुंद पाय हा रोग नव्हे, तें व्यंगहि नव्हे. लहानपणापासून अनवाणी चालणाऱ्याचा चवडा पसरतो, बोटें मोकळीं होतात. दोष पायाचा नाहीं, पुढें निमुळत्या जोड्याचा आहे. दुकानदार नंबर विचारतो. तो नंबर लांबीचा असतो, रुंदीचें कोणी विचारीत नाहीं. म्हणून आपण एक नंबर मोठा घेतों, टांच निसटते आणि जिन्यावर पाय मुरगळतो. असें करूं नका. संध्याकाळीं, पाय सर्वांत फुगलेला असतो तेव्हां, कागदावर उभे राहून दोन्ही पायांची आखणी काढा आणि मोठ्या पायाच्या मापानें जोडा घ्या. टांचेला पट्टा असावा, पुढें बोटें हलावींत, वरचा पट्टा सैल-घट्ट करतां यावा. आपल्याकडील चर्मकार कारागीर असें माप घेऊन वहाण करून देऊं शकतो, जुना पट्टा वाढवून देऊं शकतो. ज्या समाजानें साऱ्या गांवाचे पाय झांकले, त्याच समाजाला कित्येक गांवांतून वहाण घालून जाण्याची बंदी होती, हें विसरूं नका. त्याच्या हुन्नराला योग्य दाम द्या.

आतां सूज कां येते तें पाहूं. हृदय रक्त खालीं पाठवितें; परंतु तें वर चढवितांना पोटऱ्यांच्या स्नायूंची मदत लागते. आपण चाललों कीं पोटरी आवळते आणि रक्त वर ढकलतें. नुसतें उभें राहिलें, किंवा पाय लोंबकळत ठेवून बसलें, तर हा पंप थांबतो आणि पाणी घोट्याशीं सांचतें. म्हणून उभ्याच्या कामानें आलेल्या सुजेवर हालचाल हाच मोठा उपाय आहे. लोकलमध्यें उभ्या उभ्या टांचा वीस वेळां उचला व टेंका. कामावर दर तासाला चार पावलें चाला. घरीं आल्यावर आडवें पडून पाय उशांवर, छातीहून उंच, थोडा वेळ ठेवा. मीठ कमी करा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खा असें सांगते, आणि आपलें सुकट, पापड, लोणचें यांत तें किती असतें हें घरच्या बाईला ठाऊक आहे. घट्ट मोजे मात्र डॉक्टरला पाय दाखविल्यावांचून घालूं नका.

पण प्रत्येक सूज उभ्यानें आलेली नसते. एकच पाय एकाएकीं सुजला, पोटरी दुखूं लागली, तर रक्ताची गांठ असूं शकते. त्याच दिवशीं दवाखाना गांठा, पाय चोळीत बसूं नका. सुजेबरोबर दम लागत असेल, तोंडावर सूज असेल, तर हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत तपासून घ्यावें. गरोदर बाईच्या हातातोंडावर सूज आली, डोकें दुखूं लागलें, तर एक दिवसहि थांबूं नये. रक्तदाबाच्या कांहीं गोळ्यांनींहि पाय सुजतात; गोळी आपल्या मनानें सोडूं नका, डॉक्टरला विचारा. मधुमेही माणसानें अनवाणी चालूंच नये, आणि वहाण घालण्यापूर्वीं आंत हात फिरवून खडा पाहावा.

हत्तीरोगाविषयीं तर आपल्यांत अजून भ्रम आहेत. कोणी त्याला पूर्वजन्मीचें पाप म्हणतो, कोणी गंडादोरा बांधून दक्षिणा घेतो. पाप कसलें? घाण पाण्यांत वाढणारा क्युलेक्स डास चावतो, सुतासारखा कृमि शरीरांत शिरतो, इतकीच ती हकीकत. त्याचीं पिलें बहुधा रात्रीं रक्तांत फिरतात, म्हणूनच रक्त रात्रीं तपासतात. सरकारनें याविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम १९५५ सालीं सुरू केला. आपल्या राज्यांत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या बाजूस हा रोग विशेष. नागपूर जिल्ह्यांत २०१९ सालीं तीन औषधें एकत्र देण्यास आरंभ झाला. मोहिमेंतील गोळी पाप धुवीत नाहीं, कृमि मारते. ती कर्मचाऱ्यासमोरच गिळा. दोन वर्षांखालील मुलें, गरोदर स्त्रिया व फार आजारी माणसें यांना ती देत नाहींत. पाय आधींच वाढला असेल तर रोज साबणानें हलक्या हातानें धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, जखम झांका, घोटा फिरवीत राहा. अशा पायाला तापाचे झटके कमी येतात आणि तो माणूस कामावर जाऊं शकतो. त्याच्याकडे बोट दाखविणारा मात्र खरा रोगी.

उल्हास नदीचा पूर आपल्याला नवा नाहीं. २६ जुलै २००५ आठवा. २७ जुलै २०१९ आठवा, जेव्हां बदलापूर व वांगणी यांच्यामध्यें महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यांत अडकली. पुराच्या पाण्यांतून चाललेल्या पायाची बेचकी कुजते, भेग पडते, तेथून जंतु शिरतात आणि पाय लाल होऊन सुजतो. पाण्यांतून आल्याबरोबर पाय धुवा, पुसा. आणि ताप आला तर पुराच्या पाण्यांत गेलों होतों हें डॉक्टरला आपण होऊन सांगा, कारण लेप्टोचा ताप असाच येतो.

शेवटीं एक मागणी. कोझिकोडच्या दुकानांतील स्त्रियांनीं बसण्याच्या हक्कासाठीं चळवळ केली आणि २०१८ सालीं केरळनें कायदा दुरुस्त केला. तामिळनाडूनें २०२१ सालीं तसेंच केलें. कारखान्यांत उभ्यानें काम करणाऱ्यास बसण्याची सोय असावी, हें तर १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमांतच लिहिलें गेलें होतें. म्हणजे ही भीक नव्हे आणि नवी गोष्टहि नव्हे. दुकानांत काम करणाऱ्या मुलींनीं एकेकटीनें नव्हे, दहाजणींनीं मिळून मालकाला सांगावें: गिऱ्हाईक नसेल तेव्हां बसायला स्टूल पाहिजे. स्टुलाची किंमत ती कितीशी? आणि पाय गेला तर त्याची किंमत कोण भरून देणार?

पाय झांकूं नका, दाखवा. पाय थांबवूं नका, हलवा. एवढें सांगून मी आपली रजा घेतों.